वाटेवरचे दगड : नाव कोणाचे, गोष्ट कोणाची?

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या गावाची वेस ओलांडली, की रस्त्याच्या कडेला एखादा कोरीव दगड हटकून दिसतो. कोठे त्याला शेंदूर फासलेला असतो, कोठे गुरे त्याच्यावर अंग घाशीत असतात, तर कोठे ओढ्याकाठी धुणे आपटण्याच्या कामी तो लागलेला असतो. एस. टी. च्या खिडकीतून तो क्षणभर दिसतो आणि मागे पडतो. जाणाऱ्याला वाटते, असेल एखादा म्हसोबा. गावच्या माणसाला विचारावे तर तो एक गोष्ट सांगतो, आणि पुराणवस्तूंच्या अभ्यासकाला विचारावे तर तो दुसरीच सांगतो. दोघेही खोटे बोलत नसतात.

या दगडांपाशी आम्ही एकच प्रश्न घेऊन जाणार आहोत. दगडावर नाव कोणाचे राहिले, कोणाचे राहिले नाही, आणि जे दगडावर राहिले नाही ते लोकांच्या तोंडी कोणत्या रूपाने राहिले? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधताना राजेरजवाड्यांपासून घाटातल्या बिगाऱ्यापर्यंत सर्वांची गाठ पडते.

प्रारंभ नाणेघाटापासून करू. कोकणातील बंदरांवर उतरलेला माल जुन्नरमार्गे वर देशावर नेण्याची ही सातवाहनकालीन वाट. घाटाच्या माथ्याशी खडकात एक लेणे खोदलेले आहे, आणि त्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा प्राकृत भाषेतला, ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. केलेले यज्ञ आणि त्या वेळी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाणी यांची मोजदाद त्यात आहे. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा. वाटसरूने विसाव्याला बसावे आणि बसल्या जागी राजघराण्याचा मोठेपणा वाचावा, अशीच ही योजना दिसते. मागल्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, सातकर्णी आणि राणी नागनिका, कुमार, एक महारठी अशी त्यांची नावे वर कोरलेली आजही वाचता येतात. मूर्ती मात्र गेल्या. कोठे कोठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. म्हणजे नाव शाबूत आहे आणि माणूस नाहीसा झाला आहे.

जवळच दगडात घडवलेला एक मोठा रांजण आहे. तो जकातीचा रांजण, व्यापाऱ्यांनी त्यात नाणी टाकायची आणि मग खाली उतरायचे, असे लोक सांगतात. लेखात या रांजणाविषयी अवाक्षर नाही. पण राणीने किती यज्ञ केले हे सांगणारा माणूस जुन्नरच्या बाजारात शंभरात एखादा सापडेल. रांजणाची गोष्ट मात्र शेंबडे पोरही सांगेल. वाट कोणासाठी होती, ती कशावर चालत होती, हे लोकांनी आपल्या परीने लक्षात ठेवले आहे.

आता याच्या अगदी उलट प्रकार पाहू. तो म्हणजे वीरगळ. हा शब्द मूळ कानडी ‘वीरगल्लु’, म्हणजे वीराचा दगड. लढाईत, दरोड्यात, गाई सोडवताना किंवा श्वापदाशी झुंजताना ज्याला मरण आले त्याच्या नावे हा दगड उभा करीत. तो वाचायचा असतो खालून वर, हे ध्यानात ठेवले म्हणजे निम्मे काम झाले. दगडाचे आडवे तीन-चार कप्पे पाडलेले असतात. तळच्या कप्प्यात मरणाचा प्रसंग असतो : कोठे ढाल-तलवारीची झुंज, कोठे घोडेस्वार, कोठे वीर आडवा पडलेला. तेथे गाई कोरलेल्या दिसल्या, की ओळखावे, गोधन हाकून नेणाऱ्यांशी लढताना हा पडला. त्यावरच्या कप्प्यात अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत आहेत. त्याच्याही वर वीर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला आहे. तो कैलासास पोचला. माथ्यावर कलश, आणि बाजूंना सूर्य व चंद्र. ते जोवर आकाशात आहेत तोवर ही कीर्ती राहील, असे सांगणारे.

पण कीर्ती कोणाची? कर्नाटकातील वीरगळांवर पुष्कळदा लेख असतो, आणि त्यात वीराचे नाव, गाव, राजा असा तपशील मिळतो. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळ मुके आहेत. घाव कसा बसला ते आपण पाहू शकतो, वीराच्या कमरेचा शेला आणि डोक्यावरचा केसांचा बुचडाही दिसतो. नाव तेवढे कळत नाही. त्या काळी ते कोरण्याची गरज कोणाला वाटली नसावी. ज्याच्या दारातून तिरडी उठली तो कोण, हे गावाला माहीत होतेच, आणि दगड उभा केला तो गावासाठी. सात-आठशे वर्षांनी कोणी परका येऊन विचारील, हा हिशेब त्यात नव्हता. सतीशिळेचेही तेच. कोपरात दुमडलेला, बांगड्यांनी भरलेला हात तेवढा कोरलेला असतो. त्या हाताची बाई कोण, हे दगड सांगत नाही.

मुके असले तरी हे दगड काय सांगू शकतात याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. बोरिवलीच्या पश्चिमेस एक्सर म्हणून जुने गाव होते. आज तो शहराचाच भाग झाला आहे. तेथील सहा वीरगळांची नोंद १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये आहे. दगड चांगले पुरुषाहून उंच, आणि त्यांवरील प्रसंग असे की महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच आढळतील. काहींवर जमिनीवरचे युद्ध आहे, त्यात हत्ती आहेत; आणि काहींवर वल्ही मारीत चाल करून येणाऱ्या जहाजांची रांग कोरलेली आहे. हे आरमारी युद्ध होय. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यामध्ये १२६५ च्या सुमारास जो संघर्ष झाला, त्याचेच हे चित्र असावे असे काही अभ्यासकांनी मानले आहे. या संघर्षाला वाङ्मयीन आधार आहे तो हेमाद्रीच्या प्रशस्तीचा. सोमेश्वर समुद्रात बुडाला, आणि महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला, अशा अर्थाचा टोमणा हेमाद्रीने मारला आहे. मंत्री विजयी राजाचा. तो यापेक्षा निराळे काय लिहिणार? दगडावर मात्र टोमणा नाही. तेथे वल्ही मारणारे दिसतात, पाण्यात पडणारे दिसतात, आणि पडलेल्यांना वर नेणाऱ्या अप्सरा दिसतात. सोमेश्वराचे नाव हेमाद्रीमुळे राहिले. वल्हेकऱ्यांना हेमाद्री नव्हता.

नाव हरपले म्हणजे गाव स्वस्थ बसते असे नाही. ते नवे नाव देते. वीरगळाला शेंदूर लागतो, तो ‘वीर’ किंवा बिरोबा होतो, नवरामुलगा बोहल्यावर चढण्याआधी त्याच्या पाया पडतो. जरा जास्त माहितगार गावात तो शिवाजी महाराजांच्या एखाद्या मावळ्याचा ठरतो. कोरीव काम यादवकालीन असेल तर अभ्यासकाला हे ऐकून हसू येते. आम्हांस वाटते, हसण्याचे कारण नाही. गावाने कालगणना चुकवली, पण दगडाचा अर्थ बरोबर धरला : येथे आपल्यापैकी कोणीतरी आपल्यासाठी मेला. अभ्यासकाकडे काळ आहे, गावाकडे अर्थ आहे. आणि नाव दोघांकडेही नाही.

वीरगळाच्या शेजारीच पुष्कळदा दुसरा एक दगड असतो, त्याविषयी सभ्य समाजात बोलताना लोक घुटमळतात. तो गधेगाळ. वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख किंवा लेखाची मोकळी जागा, आणि खाली गाढव व स्त्री यांचे असे चित्र की पाहणाऱ्याने मान फिरवावी. मान फिरवावी म्हणूनच ते कोरलेले आहे. देवळाला किंवा ब्राह्मणाला जमीन दान दिली; ते दान जो मोडील त्याच्या आईवर हा प्रसंग येवो, अशी ती शापवाणी. राजाचा शिपाई चोवीस तास शेताच्या बांधावर उभा राहू शकत नाही; शिवी मात्र उभी राहते. दान मोडणाऱ्याच्या अपराधासाठी त्याच्या आईची विटंबना व्हावी, हा त्या काळचा न्याय. त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण शासनाची आज्ञा निरक्षर माणसापर्यंत पोचवण्याची ही युक्ती होती, एवढे खरे. परळ येथे सापडलेला शिलाहार अपरादित्याचा ११८७ चा लेख पाहावा. दानाचा मजकूर संस्कृतात आहे, आणि शेवटी शाप येतो तो मराठीत. दान पंडितांना कळले म्हणजे पुरे होते; शाप सर्वांना कळायला हवा होता!

अलिबागजवळच्या आक्षी गावचा शिलालेखही गधेगाळच आहे. तो कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला पडून होता. केसिदेव राजा, त्याचा प्रधान भैर्जु सेणुई, आणि देवीसाठी केलेली धान्याची नेमणूक असा त्यातला विषय. शं. गो. तुळपुळे यांनी आपल्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथात त्याचा शक ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला. त्यामुळे मराठीतील आद्य लेखाचा मान त्याच्याकडे जातो. दुसरे काही संशोधक अंक वेगळे वाचतात आणि तो दोनशे वर्षे अलीकडे आणतात. मग मान सोलापूरजवळच्या हत्तरसंग कुडलच्या १०१८ च्या लेखाकडे जातो. हा वाद विद्वानांचा आहे आणि तो त्यांनी सुखाने चालवावा. आपण एवढेच पाहावे, की मराठी भाषेचा जन्मदाखला म्हणावा असा दगड शतकानुशतके वाटेवर पडून राहिला, आणि तरी तो फुटला नाही. कोकणात अशा दगडांना लोक अशुभ मानतात, घराच्या कामाला लावीत नाहीत, कोठे कोठे पालथे घालून ठेवतात. शिवीनेच शिवीचा दगड राखला.

आतापर्यंतचे दगड आपल्या राजांनी आणि आपल्या गावांनी उभे केलेले होते. इंग्रज आल्यावर रस्त्याकडेच्या दगडाची जात बदलली. पहिला फरक मैलाच्या दगडाचा. मुंबईत फोर्टमधील सेंट थॉमस कॅथीड्रलपासून अंतर मोजून रस्त्यांवर दगड रोवले. पुढे मैल गेले, किलोमीटर आले आणि दगड निरुपयोगी झाले. काही पदपथात गळ्यापर्यंत गाडले गेले, काहींना हार-फुले वाहिली जाऊ लागली. महापालिकेने अलीकडे त्यांतील काहींचा जीर्णोद्धार केला आहे. अंतराच्या दगडाला देवपण येते हे ऐकून शहरवासी नवल करतात. पण उभा दगड दिसला की हात जोडणाऱ्या समाजाकडून दुसरी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

दुसरा आणि मोठा फरक दिसतो बोरघाटात. १८०४ मध्ये जनरल वेलस्लीने ही वाट तोफा नेण्याजोगी केली होती. गाड्यांचा पक्का रस्ता मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत झाला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी तो थाटाने खुला करण्यात आला. त्या वेळी बांधलेला दगडी पूल पुढे अमृतांजन पूल म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि तो का, हे त्या रस्त्याने गेलेल्या जुन्या पिढीला सांगावयास नको. डोकेदुखीच्या औषधाची जाहिरात तेथे होती. पूल बांधणाऱ्याचे नाव विसरून लोकांनी जाहिरातीचे नाव ठेवले! एप्रिल २०२० मध्ये तो पाडण्यात आला, पण नाव अजून तोंडात आहे.

रस्त्यामागून आगगाडी आली. बोरघाटाच्या लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर याच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. कामाच्या ऐन भरात, १८६१ च्या सुमारास, बेचाळीस हजारांवर माणसे या डोंगरात राबत होती. पटकीच्या साथीत, सुरुंगात, कड्यावरून कोसळून मेलेल्यांची संख्या हजारांनी सांगितली जाते. मक्तेदारांची नावे मात्र नीट नोंदलेली आहेत : पहिला फेव्हिएल, त्याच्यामागून १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल, जो आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि मग त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल, जिने मक्ता सोडला नाही व हाताखालच्या इंजिनिअरांकडून काम तडीस नेले. या बाईचे धैर्य थोर होते आणि तिची आठवण राहावी हे योग्यच. पण टोपल्या वाहणाऱ्या बायका त्या डोंगरात हजारो होत्या, आणि त्यांतील एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

येथे लोकांची गोष्ट पुढे येते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचे छोटे देऊळ आहे. मोटारी आणि मालट्रका त्याच्यासमोर वेग कमी करतात, हाकणारा नाणे टाकतो आणि मग पुढे जातो. कथा अशी सांगतात : इंग्रज इंजिनिअरांना डोंगरातून मार्ग सापडेना. शिंग्रोबा नावाचा एक धनगर तेथे मेंढरे चारीत असे. त्याने त्यांना वाट दाखवली. बक्षीस काय हवे, असे साहेबाने विचारले. धनगर म्हणाला, ‘आम्हाला स्वातंत्र्य द्या.’ साहेबाने त्याला गोळी घातली. काही जण निराळे सांगतात : ही वाट शिंग्रोबाने दाखवली हे कोणास कळू नये, श्रेय आपल्याकडेच राहावे, म्हणून मारले.

ही लोकांच्या तोंडची कथा आहे. दप्तराच्या कसोटीवर ती घासून पाहू नये. अशीच एक कथा केरळात वायनाडच्या घाटात, लक्किडीजवळ, सांगतात. तेथे करिंतंडन नावाच्या आदिवासी तरुणाने इंग्रज इंजिनिअरला डोंगरवाट दाखवली आणि इंजिनिअरने श्रेयासाठी त्याचा जीव घेतला. त्याचा आत्मा वाटसरूंना त्रास देऊ लागला, म्हणून त्याला साखळीने झाडाशी जखडले. ते साखळीचे झाड आजही दाखवतात. दोन घाट शेकडो मैल दूर, भाषा वेगळ्या, आणि कथेचा सांगाडा एक. यावरून कोणी म्हणेल, पाहा, कथा बनावट आहे! आम्ही त्यातून दुसरा निष्कर्ष काढतो. डोंगरातल्या वाटा इंजिनिअरांच्या आधी गुराख्यांना आणि मेंढपाळांना ठाऊक होत्या, हे उघड आहे. बंजाऱ्यांचे तांडे आणि लमाणांचे बैल या घाटांतून पिढ्यान्‌पिढ्या चढत-उतरत होते. त्या जाणकारीचे श्रेय कोणत्याच पाटीवर कोरले गेले नाही, आणि त्या अन्यायाची जाणीव दोन्हीकडच्या लोकांना सारखीच झाली. शिंग्रोबा या नावाचा माणूस होऊन गेला की नाही, हे सिद्ध करणे कठीण. पण जे काम त्याच्या नावे सांगितले जाते ते कोणीतरी केलेच होते. नाणे टाकणारा ट्रकवाला त्या कोणाची तरी पावती फाडतो.

घाट चढून आपण मावळात आलो, की कार्ले आणि वडगाव ही गावे लागतात. येथे शत्रूचा दगड आहे. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना गादीवर बसवण्यासाठी मुंबईची इंग्रज फौज घाट चढून आली. मराठ्यांनी तिला पुढे येऊ दिले, वाटेतली रसद तोडली आणि रोज चकमकींनी बेजार केले. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट हा त्या फौजेतील एक तडफदार अंमलदार. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने तो ठार झाला. पुढे इंग्रज तळेगावापर्यंत पोचले, तर गाव जाळून ओस केलेले. माघार घेतली तेव्हा वडगावात महादजी शिंदे प्रभृतींनी त्यांना कोंडले आणि जानेवारीच्या मध्यास वडगावचा तह त्यांच्या गळी उतरवला.

या स्टुअर्टला मराठ्यांनी नाव दिले इष्टुर फाकडा. स्टेशनचे जसे ‘इष्टेशन’ होते तसाच स्टुअर्टचा ‘इष्टुर’ झाला, आणि फाकडा म्हणजे बाणेदार, देखणा लढवय्या. पेशवाईत हे बिरुद सहजासहजी मिळत नसे. कोन्हेरराव एकबोटे आणि मानाजी शिंदे यांच्या बरोबरीने लोकांनी तिसरा फाकडा मोजला तो हा गोरा. वडगावला सरकारी कचेरीच्या आवारात त्याची कबर आहे, आणि तिची पूजा होत आली आहे. वडगावच्या लढाईत जिंकणाऱ्या बाजूस पडलेल्या सामान्य मराठा शिपायांची नावे गाव सांगू शकत नाही. हरणाऱ्या बाजूच्या कप्तानाचे नाव घरोघरी ठाऊक. हा उदारपणा म्हणावा, की अकाली, हिंसक मृत्यू आलेल्या परक्याच्या पिशाच्चाला शांत ठेवण्याची खबरदारी म्हणावी? थोडे दोन्ही असावे. वीराला मान देणे आणि वीराच्या भुताला भिणे यांत आपल्या लोकांनी फारसे अंतर ठेवलेले नाही; वीरगळाला शेंदूर लागतो त्यातही हे दोन्ही आहे.

आता पुण्याच्या पलीकडे, नगर रस्त्यावर. भीमेच्या काठी, पेरणे गावच्या हद्दीत कोरेगावच्या लढाईचा स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालील कंपनी सरकारची लहानशी पलटण आणि दुसऱ्या बाजीरावाची मोठी फौज यांची येथे दिवसभर झुंज झाली. कोरेगावच्या गल्ल्यांतून, पाण्यावाचून, पलटणीने गाव धरून ठेवले. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. कंपनीने स्मारक उभारावयाचे ठरवले आणि २६ मार्च १८२१ रोजी पायाचा दगड बसवला. हेतू उघड होता : देशी शिपायाने आपल्याशी इमान राखले, तर आपण त्याला विसरत नाही, हे सर्व देशी पलटणींना दाखवायचे. त्या हेतूपोटी कंपनीने एक अशी गोष्ट केली, जी नाणेघाटच्या राणीने केली नव्हती, एक्सरच्या शिल्पकाराने केली नव्हती आणि बोरघाटात तर कोणाच्या स्वप्नातही आली नाही. स्तंभावर इंग्रजी व मराठी मजकुराबरोबर पडलेल्या साध्या शिपायांची नावे कोरली.

एकूण नावे एकोणपन्नास. त्यांतील बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ‘नाक’ हा महारांच्या नावांचा जुना प्रत्यय. कोरणाऱ्याच्या लेखी ती केवळ हजेरीपटावरची नावे होती. पण १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांचे आजे-पणजे पलटणीत होते त्यांना ‘तुम्ही लढवय्या जातीचे नव्हे’ असे सांगण्यात आले. तेव्हा या दगडाचे महत्त्व एकदम पालटले. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले आणि सरकारने ज्यांना छावणीबाहेर काढले, त्यांची नावे सरकारनेच दगडावर लिहून ठेवली होती! १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी लोक येतात, आणि आता ते लाखांनी येतात. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या चिन्हावर आरंभी हाच स्तंभ होता. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला दोनशे वर्षे झाली तेव्हा, येथे हिंसाचार होऊन महाराष्ट्र हादरला.

त्या लढाईत कोणाचा जय झाला, कोण कोणासाठी लढले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत; तो वाद येथे सोडवण्याचा आमचा मानस नाही. कंपनीच्या पलटणीत अनेक जातींचे शिपाई होते आणि पेशव्यांच्या बाजूने अरबांनी मोठा भार उचलला होता, हे ज्याने त्याने ध्यानात ठेवावे. आम्हांस दाखवायची आहे ती वेगळीच गोष्ट. कंपनीने दगड उभारला स्वतःच्या गौरवासाठी. कंपनी गेली, राणीचे राज्य गेले, आणि दगडावरची सर्वांत बारीक अक्षरातली नावे तेवढी बोलत राहिली. ती कोरली नसती, तर हा स्तंभही आज नगर रस्त्यावरचा आणखी एक मुका दगड झाला असता.

म्हणूनच आपल्या गावच्या दगडांविषयी थोडे व्यवहाराचे बोलून थांबतो. रस्ते रुंद होत आहेत, आणि व्हावेत; पण रुंदीकरणात पहिला बळी जातो तो कडेच्या दगडाचा. यंत्राने भराव टाकताना तो खाली जातो, किंवा उचलून देवळाच्या आवारात टेकवला जातो. दुसरे बरे, पण त्यातही नुकसान आहे. वीरगळ शिवेवर होता की पाणवठ्याशी, यावरून झुंज कशापायी झाली याचा तर्क करता येत होता. तो आधार गेला. तेव्हा हलवण्यापूर्वी तो कोठे, कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता, हे कागदावर लिहून ठेवावे. तिसरा धोका भक्तीचा आणि हौसेचा. तैलरंग फासला की कोरीव काम बुजते. आणि अक्षरे नीट दिसावीत म्हणून खडूने किंवा रंगाने ती गिरवली, तर गिरवणाऱ्याचे वाचन कायमचे दगडावर बसते. मूळ अक्षर काय होते हे पुढच्या अभ्यासकाला सांगणे कठीण होते.

लेखाचा ठसा घेण्याची रीत सोपी आहे, आणि ती जाणत्याकडून एकदा पाहून घ्यावी. दगड मऊ ब्रशाने, नुसत्या पाण्याने धुवायचा. जाड, पाणी शोषणारा कागद भिजवून त्यावर चिकटवायचा आणि केसाळ ब्रशाने हलके ठोकत जायचे, म्हणजे कागद अक्षरांच्या खोबणीत बसतो. किंचित सुकल्यावर कापडाच्या बोचक्याने शाई टिपायची. सपाट भाग काळा होतो, अक्षरे पांढरी उठतात. पूर्ण वाळला की कागद आपसूक सुटतो. हे जमणार नसेल तर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे. दुपारी बारा वाजता घेतलेल्या छायाचित्रात कोरीव काम सपाट दिसते. तिरपे ऊन बोथट झालेले अक्षरही उठवून दाखवते. शेजारी फूटपट्टी ठेवायला विसरू नये.

आणि त्याच दिवशी, त्याच वहीत, गावातील दोन-तीन वृद्धांना विचारून दगडाची गोष्ट लिहून घ्यावी. एखादी म्हातारी जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहावे. शक चुकला, राजा चुकला, तरी दुरुस्त करू नये. दोघांच्या गोष्टी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहाव्यात. ‘हा दगड कोणाचा?’ असे विचारले तर लोक सुशिक्षितांना आवडेल असे उत्तर देतात आणि मावळ्याचे नाव सांगून मोकळे होतात. त्यापेक्षा विचारावे, याला काय म्हणता, नारळ कोणत्या दिवशी फोडता, आणि पहिला मान कोणाच्या घराचा.